परिपत्रकांचं कपाट लावताना: मे ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. पहिली ते दहावी एकाच इमारतीत. शिक्षक-खोलीत एक लोखंडी कपाट आहे. शिक्षण खात्याकडून आलेला प्रत्येक कागद वर्षानुवर्षं त्यात जातो आणि तिथेच राहतो. यंदा मार्चमध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झालेल्या एका नव्या शिक्षिकेने विचारलं, "बाई, आठवीच्या मुलाला नापास करता येतं की नाही?" खोलीत तीन अनुभवी शिक्षक होते आणि तिघांची उत्तरं वेगळी निघाली. तिघंही आपापल्या काळापुरते बरोबर होते. तेव्हा ठरवलं, सुट्टीत हे कपाट लावायचं आणि आज काय लागू आहे, काय नाही, ते एका वहीत आणायचं. दुसऱ्या कुठल्या शाळेला हे करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या आहेत.

५ मे

कपाट रिकामं केलं. सोबत गणिताचे सर आणि शिपाईमामा. मागच्या पत्र्याला गंज लागून भोक पडलं होतं, तिथून वाळवी आत शिरली होती. मधल्या कप्प्यातले गठ्ठे पोकळ झालेले. जे हातात धरताच भुगा होत होतं ते सोडून दिलं. वाचता येत होतं ते बाकांवर पसरलं.

फॅक्सवर आलेली जुनी पत्रं वेगळी काढा. तो गुळगुळीत कागद काही वर्षांत कोरा होतो. अक्षर अजून दिसत असेल तर लगेच मोबाईलवर फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका, इस्त्री फिरवू नका. उष्णता लागली की तो कागद काळा पडतो.

कपाट दोन दिवस उन्हात, मग भोकाला पत्रा मारून रंग. पत्रा, रंग आणि वाळवीचं औषध मिळून १,३५० रुपये. शिक्षक-खोलीच्या चहाच्या वर्गणीतून.

१२ मे

आठवडाभर कागद तारखेप्रमाणे लावले. पद्धत चालली नाही. ती सोडली.

कारण असं: माणूस कपाटाकडे प्रश्न घेऊन येतो, तारीख घेऊन नाही. नापासाचा प्रश्न घ्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं होतं. त्यामागोमाग २० ऑगस्ट २०१० चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय. मग २०१९ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून पाचवी-आठवीबद्दल राज्यांना मोकळीक दिली. आणि राज्याने ७ डिसेंबर २०२३ च्या जीआरने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, नापासांना पुनर्परीक्षा आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात असा नियम केला. तारखेने लावलं तर हे कागद कपाटाच्या तीन वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. तिघा शिक्षकांची तीन उत्तरं नेमकी यातूनच आली होती: एकाने २०१०, एकाने २०१९ आणि एकीने २०२३ सांगितलं होतं.

१३ मे

दहावीचा निकाल. कपाटाला हात लावला नाही.

१९ मे

विषयवार लावायला घेतलं. हे जमतंय. आमचे विषय: परीक्षा व मूल्यमापन; अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तकं; शिष्यवृत्ती; भाषा; वेळापत्रक; संचमान्यता (पटाप्रमाणे शिक्षकांची मंजूर संख्या) व समायोजन (अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावणं); नेमणूक व सेवाशर्ती; पोषण आहार; उपक्रम व अभियानं; ऑनलाइन माहिती. 'उपक्रम व अभियानं' या एकाच विषयाला तीन बॉक्स फाइली लागल्या, बाकी कुठल्याच विषयाला इतक्या लागल्या नाहीत.

साखळी शोधायची सोपी रीत: प्रत्येक जीआरच्या सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या कागदांची यादी असते. नव्यात नवा जीआर हातात घ्या आणि त्या यादीवरून मागे मागे जा. मजकुरात 'अधिक्रमित करून' असे शब्द दिसले तर आधीचा कागद संपला. नुसतं 'अंशतः बदल' असेल तर आधीचा जिवंत आहे, दोन्ही एकत्र टाचा. शेवटी लिहिलेला लांबलचक संकेतांक वहीत उतरवा. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासनाच्या संकेतस्थळावर विषयाचे शब्द घालून शोधलं तर शुद्धलेखनाच्या फरकामुळे बरेचदा काही सापडत नाही. विभाग आणि तारीख घालून शोधा, लगेच मिळतं.

आज 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या गुणवत्ता अभियानाची फाइल पूर्ण केली. जीआर २२ जून २०१५ चा. त्या वर्षी आम्ही किती मनापासून लागलो होतो ते या फाइलीत दिसतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांमधलं) काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. ज्ञानरचनावादाप्रमाणे, म्हणजे मूल स्वतः करत करत शिकतं या विचाराने, पहिलीच्या वर्गात फरशीवर अक्षरचक्रं रंगवली गेली, मुलं खाली बसून शब्द बनवायला लागली, आणि वाचायला मागे असलेली बरीच मुलं खरोखर पुढे आली. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन असं चक्र होतं. फाइल जाड होत जाते, आणि मग पातळ होत होत थांबते. 'हे अभियान अमुक तारखेला संपलं, त्यातून अमुक साधलं, अमुक राहिलं' असा कागद आमच्या दप्तरात नाही. २०२३-२४ मध्ये स्टार्स या केंद्राच्या शिक्षण प्रकल्पाखाली नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या, तिसरी ते आठवीसाठी. नावं तीच: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. आठ वर्षांपूर्वीच्या चाचण्यांमधून काय कळलं होतं हे त्या पत्रात कुठेही नाही.

आमचा शीण नेमका इथला आहे. बदल आला म्हणून शिक्षक थकत नाही. वर्षभर राबून एखादी गोष्ट वर्गात रुजवायची, आणि ती लागली की वाळली हे पाहायलाही कोणी येत नाही, तोवर दुसरी सुरू करा म्हणून पत्र येतं. त्याने माणूस थकतो.

२६ मे

आज मुंबईत पाऊस दाखल झाला, मे संपायच्या आत. आम्ही निर्धास्त होतो, कारण छताचं काम दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात करून घेतात. शिक्षक-खोलीच्या कोपऱ्यात गळलं आणि संचमान्यतेचे दोन गठ्ठे भिजले.

भिजलेल्या कागदांचं असं केलं: सुटे करायची घाई नाही, ओले असताना फाटतात. आधी गठ्ठा तसाच पंख्याखाली, पाणी निथळल्यावर पाच-सहा पानांमागे जुना पेपर, दर काही तासांनी पेपर बदलायचा. दोन दिवसांत वाचण्याजोगे झाले. शाईच्या सह्या पसरल्या, छापील मजकूर टिकला. २८ ऑगस्ट २०१५ चा संचमान्यतेचा जीआर वाचला, त्यावर आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाईंनी समासात केलेला हिशेब गेला. किती मुलांमागे किती शिक्षक टिकतात, कोण अतिरिक्त ठरेल, असा तो हिशेब होता. मराठी शाळांचा पट घसरत असताना या भागातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने असे हिशेब केलेत. १५ मार्च २०२४ ला नवे निकष आले तेव्हा तोच हिशेब पुन्हा मांडावा लागला.

कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून खाली विटा लावल्या.

२ जून

वही सुरू केली. लांब हिशेबाची बांधीव वही, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून. बॉक्स फाइली, लेबलं, पंचिंग मशीन आणि वही मिळून २,२६० रुपये. दादरला हेच महाग पडलं असतं.

रकाने: काय सुरू झालं, जीआरची तारीख व संकेतांक, कोणत्या इयत्तांना, वर्गात नेमकं काय बदललं, कधी बंद झालं किंवा बदललं, बंद का झालं (कागदात लिहिलं असेल तेच, ऐकीव नाही), आज लागू आहे का.

शिक्षक-खोलीतल्या काहींचं म्हणणं होतं, 'कोणत्या शिक्षणमंत्र्याच्या काळात' आणि 'कोणता पक्ष' असेही रकाने हवेत. दोन दिवस तसं करून पाहिलं. सगळ्यांची नजर त्याच रकान्यावर जायची, बोलणं राजकारणावर जायचं आणि 'वर्गात काय बदललं' हा रकाना कोणी वाचायचं नाही. शिवाय पक्षाच्या रकान्यातून काही सिद्धही होत नव्हतं. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे, शाळेने द्यायचे अंतर्गत २० गुण विनोद तावडे यांच्या काळात गेले आणि आशिष शेलार यांच्या काळात परत आले. दोघं एकाच पक्षाचे, एकाच सरकारातले. दीपक केसरकर यांच्या काळात पुस्तकांत वहीची कोरी पानं आली, दादा भुसे यांच्या काळात ती निघाली. तेही दोघं एकाच पक्षाचे. म्हणजे सरकार बदललं नाही, नुसता मंत्री बदलला तरी वर्गातली गोष्ट बदलते.

म्हणून ते दोन रकाने काढले आणि वहीच्या शेवटच्या पानावर मंत्र्यांची तारीखवार यादी लावली. ज्याला जुळवून पाहायचं त्याने पाहावं. जून २०१९ मध्ये तावडे गेले, त्यानंतर डिसेंबर २०२४ पर्यंत शेलार, वर्षा गायकवाड, केसरकर, भुसे. मधलं हंगामी खातेवाटप सोडलं तरी साडेपाच वर्षांत चार. पहिलीत आलेलं मूल सहावीत जाईपर्यंतचा हा काळ आहे.

कोऱ्या पानांबद्दल एक गोष्ट नोंदवायलाच हवी. २०२३-२४ पासून पुस्तकाचे चार भाग आणि मधे लिहायला पानं, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये ती पद्धत बंद केली तेव्हा कारण दिलं होतं: पानं देऊनही मुलं वह्या आणतातच. आमच्या वर्गातही तेच होत होतं. 'बंद का झालं' हा रकाना इथे व्यवस्थित भरता आला. असं प्रत्येक वेळी व्हायला हवं.

९ जून

आजची नोंद मोठी आहे. या कामातून सगळ्यात उपयोगी जे निघालं ते हे.

वहीत योजना आल्या, पण मूल कुठे दिसत नव्हतं. म्हणून जनरल रजिस्टर काढलं आणि एक तुकडी निवडली: जून २००९ मध्ये आमच्याकडे पहिलीत आलेली मुलं. मोठ्या कागदावर वरून खाली इयत्ता लिहिल्या आणि समोर त्या त्या वर्षी त्या मुलांना लागू झालेला कागद. दुसऱ्या शाळांनी हा तक्ता जरूर करावा. एक संध्याकाळ पुरते, फक्त विषयवार फाइली आधी तयार हव्यात.

दुसरीत असताना, २०१० ला, शिक्षण हक्क कायदा आणि त्यापाठोपाठ सातत्यपूर्ण मूल्यमापन. आकारिक (वर्षभरातल्या कामाचे) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) अशी गुणांची विभागणी आली, वर्णनात्मक नोंदी आल्या. शिक्षक प्रत्येक मुलाच्या नोंदी लिहायला शिकले.

तिसरीत, ऑक्टोबर २०११ मध्ये, राज्यभर पटपडताळणी. बोगस पट शोधण्यासाठी ती लागतच होती असं माझं मत आहे. मुलांना एवढंच आठवतं की बाहेरचे साहेब येऊन मोजून गेले.

चौथीत शिष्यवृत्ती परीक्षा दिली. सातवीची तयारी सुरू केली, तर सातवीची परीक्षा गेली. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला आली. या मुलांनी मग आठवीला दिली.

सातवीत प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आणि सरल प्रणाली. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची. सर्व्हर दिवसा चालत नसे, म्हणून शिक्षक रात्री भरत असत.

नववीत, २०१७-१८ ला, नवा अभ्यासक्रम. दहावीत, २०१८-१९ ला, पुन्हा नवा अभ्यासक्रम, नवी कृतिपत्रिका आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण बंद. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, यांच्या वर्षी ७७.१० लागला. त्याच जूनमध्ये मंत्री बदलले, काही आठवड्यांतच २० गुण परत द्यायचा निर्णय झाला, आणि पुढच्या तुकडीचा निकाल ९५.३० टक्के. अंतर्गत गुणांची पद्धत आल्यापासून २० गुणांशिवाय दहावी दिलेली ही एकच तुकडी. तिच्या आधीच्यांना ते गुण मिळाले, नंतरच्यांनाही मिळाले.

त्यातला एक मुलगा दाखला न्यायला आला होता. भाषेत दोन गुणांनी राहिला होता. वर्षभर भाषणं, पाठांतर, प्रकल्प सगळं मनापासून करणारा. त्याने विचारलं, "बाई, आता आमचं परत बघणार का?" बघणार नाहीत, हे मला त्याला सांगावं लागलं.

अकरावीत, २०१९-२० ला, पुन्हा नवा अभ्यासक्रम, वर्षाअखेरीस करोना. बारावीत पुन्हा नवा अभ्यासक्रम, वर्ग मोबाईलवर, आणि २०२१ ला परीक्षाच रद्द. निकाल ३०:३०:४० या सूत्राने: दहावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीचे ४०. म्हणजे जी दहावी त्यांनी २० गुणांशिवाय दिली होती, तिचेच गुण बारावीच्या निकालातही धरले गेले.

पहिली ते बारावी या मुलांनी राधाकृष्ण विखे पाटील, बाळासाहेब थोरात, राजेंद्र दर्डा, तावडे, शेलार आणि गायकवाड असे सहा शिक्षणमंत्री पाहिले. या बारा वर्षांतला एकेक निर्णय सुटा घेतला तर प्रत्येकामागे कारण सापडतं. अंतर्गत गुण खिरापतीसारखे वाटले जात होते ही तक्रार खोटी नव्हती. अभ्यासक्रम जुना झाला की बदलायलाच हवा. पण सगळे निर्णय एकाच मुलाच्या अंगावर एकामागून एक पडतात, आणि ते एकत्र पाहण्याचं काम कुठल्याच टेबलावर होत नाही. कागदावर मांडेपर्यंत आम्हीही ते असं सलग पाहिलं नव्हतं.

तक्ता शिक्षक-खोलीत लावला. दर्शनी भागात लावायला मुख्याध्यापिका बाई आधी तयार नव्हत्या. तावडे-शेलार दोन्ही नावं आहेत, कोणाला टीका वाटेल, म्हणाल्या. नावं काढून फक्त तारखा ठेवल्या तेव्हा हो म्हणाल्या. तक्त्याचं काम तारखांनीही होतं.

१६ जून

शाळा सुरू. यंदा पहिलीचा नवा अभ्यासक्रम आणि नवी पुस्तकं. १६ एप्रिलच्या जीआरप्रमाणे टप्पे असे: २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी, २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. वहीत पुढची पानं आत्ताच आखून ठेवली. हेच टप्पे घालून यंदाच्या पहिलीच्या मुलांचा रिकामा तक्ताही सुरू केला.

३० जून

भाषेच्या फाइलीची नोंद. १६ एप्रिल: पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. १७ जून: सुधारित जीआर, 'सर्वसाधारणपणे' हिंदी, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असल्यास विद्यार्थिसंख्येची अट. २९ जून, काल रविवारी: दोन्ही जीआर रद्द, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती.

पहिली-दुसरीचं वेळापत्रक एप्रिलअखेरीस एकदा केलं, शाळा सुरू झाल्यावर पुन्हा, आता तिसऱ्यांदा. त्यात कला आणि खेळाच्या तासिका सगळ्यात जास्त वेळा इकडून तिकडे गेल्या. पहिलीत अजून अक्षरओळखही न झालेल्या मुलांवर तिसरी भाषा लादू नये असं मला ठामपणे वाटतं, त्यामुळे निर्णय मागे घेतला याचा आनंदच आहे. पण एवढ्या मोठ्या गोष्टीचा विचार शिक्षकांना विचारून आधी व्हायला हवा होता, जीआरनंतर नाही.

उपयोगी सूचना: वेळापत्रक पेन्सिलीने करून ठेवायचं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच छापायचं, असं आम्ही ठरवलं. या वर्षी छपाईचे दोनदा गेलेले ७०० रुपये त्यामुळे पुढे वाचतील.

१९ ऑगस्ट

अतिवृष्टीमुळे सुट्टी. घरी बसून मोबाईलवर काढलेल्या फोटोंना नावं दिली. नावाची रीत: वर्ष-महिना-दिवस-विषय, म्हणजे आपोआप क्रम लागतो.

आज ठरलेला नियम: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पत्र जावक क्रमांक आणि सही असल्याशिवाय वहीत चढवायचं नाही. 'आजच्या आज माहिती सादर करा' असा नुसता मजकूर फिरतो, मागचं पत्र कोणाकडेच नसतं, आणि दोन तास शिकवणं थांबतं. असे मजकूर वेगळ्या लाल फाइलीत लावतो. २३ ऑगस्ट २०२४ च्या जीआरमध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची यादी करून दिली आहे. त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. कोणतंही काम आलं की आधी त्या यादीत बघतो.

४ सप्टेंबर

सोमवारी सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवा संपते. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय बढती नाही. आमच्या राज्यात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. आमच्यातले कितीतरी जण त्याच्या खूप आधी लागलेले.

गणपतीचे दिवस, तरी शिक्षक-खोलीत कोणी नीट बोलत नव्हतं. पंचवीस वर्षं पहिलीला वाचायला शिकवणाऱ्या बाई पुस्तक उघडून बसल्या होत्या. शिक्षकाची पात्रता तपासू नये असं मी म्हणणार नाही. मुलांचा तो हक्कच आहे. पण नेमणुकीच्या वेळी जी अट नव्हती ती नोकरीच्या उतरत्या काळात, शिकवणं चालू ठेवून, दोन वर्षांत पूर्ण करायची, हे फार जड आहे. त्यांना मदत हवी, अभ्यासाला वेळ हवा.

कपाट या आठवड्यात पहिल्यांदा खरं कामाला आलं. प्रत्येकाला नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यतेचं पत्र आणि त्या वेळची अर्हता काय होती त्याचा कागद हवा होता. 'नेमणूक व सेवाशर्ती' फाइलीतून सगळ्यांना काही मिनिटांत मिळाला. शेजारच्या शाळेतले दोघंही येऊन प्रती काढून गेले. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी कपाट लावायची सुरुवात याच फाइलीपासून करावी.

अभ्यासासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास बसायचं ठरलं. गणित आणि परिसर अभ्यास आमचे सर घेतात, बालमानसशास्त्र नवी शिक्षिका घेते. ती नुकतीच हे सगळं करून आली आहे.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत जीआर: शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला. या संक्रमणाच्या वर्षात चौथी, पाचवी, सातवी आणि आठवी अशा चारही इयत्तांची परीक्षा.

शिष्यवृत्तीच्या फाइलीत २०१५ पूर्वीचे चौथी-सातवीचे सराव संच सापडले. वाळवीपासून वाचलेल्या गठ्ठ्यात होते. अभ्यासक्रम बदलल्याने जसेच्या तसे चालणार नाहीत, पण बुद्धिमत्ता चाचणीचा भाग बराचसा चालतो. त्याच्या प्रती काढल्या, ४८० रुपये. चौथीच्या मुलांना तयारीला अर्धंच वर्ष मिळतंय, म्हणून चौथीच्या बाईंना दोन तासिका मोकळ्या करून दिल्या. माझ्या इतिहासाच्या घेतल्या.

परीक्षा पाचवी-आठवीला का नेली होती, त्यातून काय मिळालं, आणि आता परत का आणली? मागच्या वेळी नेल्यामुळे खेड्यापाड्यांतल्या चौथीपर्यंतच्या शाळांना काय सोसावं लागलं? याचं उत्तर वहीच्या सहाव्या रकान्यात यायला हवं. सध्या आम्ही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.

१५ नोव्हेंबर

टीईटी पुढच्या रविवारी, २३ तारखेला, म्हणून शनिवारचा वर्ग आज शेवटचा.

वही चालू वर्षापर्यंत आली. एकूण खर्च सहा हजारांच्या आत राहिला. सगळ्यात जास्त पैसे फाइली आणि झेरॉक्सवर गेले. वेळ सगळ्यात जास्त तारखेप्रमाणे लावण्यात वाया गेला, तो तुम्ही वाचवा. 'नेमणूक व सेवाशर्ती' आधी, मग 'परीक्षा व मूल्यमापन', मग तुकडीचा तक्ता. 'उपक्रम व अभियानं' शेवटी घ्या, तिथे माणूस अडकतो.

नव्या शिक्षिकेला वही दिली आहे. यापुढच्या नोंदी तिच्या हातच्या. तिने आठवा रकाना वाढवला: 'मुलांना उपयोग झाला का, आपल्या वर्गात काय दिसलं'. वरून कोणी मागितलं नाही तरी वर्षाअखेरीस प्रत्येक शिक्षकाने त्यात चार ओळी लिहायच्या. हा रकाना मला सुचायला हवा होता असं वाटण्याइतका तो महत्त्वाचा आहे. मंत्री, सचिव, संचालक बदलले तरी पहिलीच्या वर्गात फरशीवर रंगवलेल्या अक्षरचक्राने काय झालं हे लिहिलेलं राहील.

वहीत ज्यांच्यापुढे 'आज लागू?' हा रकाना रिकामा राहिला, त्या योजनांची यादी करून मुख्याध्यापिका बाईंच्या सहीने वरिष्ठ कार्यालयाला पत्र दिलं आहे. २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे रंगीत फोटो लावायला सांगितलं होतं, ते अजून लावायचे का. १४ मार्च २०२४ च्या आनंददायी शनिवारच्या तासिका नव्या वेळापत्रकात ठेवायच्या का. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रच्या नोंदवह्या किती वर्षं जपायच्या. पोचेची प्रत 'परीक्षा व मूल्यमापन'च्या फाइलीत आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र जाईल, त्याचा मसुदा त्याच फाइलीत मागे लावला आहे.